एक सात राहिला

४ जुलै

ताई,

पत्र टाकायला उशीर झाला हे खरं आहे आणि त्याला सांगण्यासारखं कारण काही नाही. आल्या दिवशीच लिहायला बसलो होतो. 'ताई' एवढं लिहिलं आणि खाली दोन माणसं एक लोखंडी कपाट जिन्यातून वर चढवताना दिसली. कपाट अडकलं. मी हात द्यायला गेलो, मग त्यांनी चहा पाजला, मग त्यातल्या एकाच्या भावाचा रंगाचा कारखाना बघायला गेलो. रंग ढवळतात ते बघण्यासारखं असतं, पण ते पुन्हा कधी. कागद तोच आहे, म्हणून 'ताई'ची शाई वेगळी दिसेल.

फोन कर म्हणशील. माझा फोन बसमध्ये राहिला. या घरात फोन एकच, आणि तो काकांच्या बंडीच्या खिशात. बोलायचं तर त्यांच्या तोंडासमोर. त्यांच्या तोंडासमोर मी तुला काय सांगणार, काकांची मला शिसारी येते हे?

तू म्हणालीस, शिंपीमामाचं आता काही खरं नाही, काकूला तिच्या भावाकडे घेऊन ये. मला वाटलं, साधं काम. काकूची पिशवी तर कॉटखाली भरून तयारच होती. पण काका तिला सोडत नाहीत. कारण ऐकशील तर तुझीही जेवणावरची वासना उडेल.

काकूचं शिलाई मशीन आठवतं ना? लग्नात मामानं दिलेलं. त्याच्यावर पितळेची पट्टी आहे आणि पट्टीवर नंबर आहे, ३८३७५५४७७१. तीनशे त्र्याऐंशी कोटी पंचाहत्तर लाख चोपन्न हजार सातशे एकाहत्तर. हे मी काकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की दात घासतानाही तेच आठवतं. कधीतरी काका नि मामा यांच्यात गमतीत वाद झाला, या आकड्याला कशानं नि:शेष भाग जातो का. एक आणि तो आकडा स्वतः सोडून. दोघांनी मग काम वाटून घेतलं. दोन नि पाच लगेच बाद. बाकीचे मूळ आकडे शेवटच्या अंकावरून वाटले. एक आणि नऊवर संपणारे मामाचे, तीन आणि सातवर संपणारे काकांचे. हातानंच भागायचं, यंत्राला विचारायचं नाही, ही अट. कितीतरी वर्षं दोघं भागत होते आणि एकमेकांना पत्रानं कळवत होते. दोघांचं संपलं, कशानंच भाग गेला नाही. दोघं खूश. मग कुणा मास्तराच्या पोरानं मामाला सांगितलं की कंप्युटर म्हणतो भाग जातो. कशानं ते मामानं विचारलं नाही, कारण अट! म्हणजे दोघांतला एक जण चुकला. कोण? तर समोरचा. झालं, बोलणं बंद.

काका आता आपली वाटणी पहिल्यापासून पुन्हा भागतायत. मशीनच्या फळीवर पाटी ठेवून. काकूला एक टाका मशीनवर घालता येत नाही. आणि पाटी पुसायची कशी, तर तिच्यावर थुंकायचं, तळहातानं घासायचं, तळहात बंडीला पुसायचा. त्याच हातानं जेवायचं. त्या खोलीला थुंकीचा आणि ओल्या भुकटीचा जो वास आहे ना, तो माझ्या उशीतसुद्धा शिरलाय.

मी म्हटलं, "काका, मामा आजारी आहेत हो."

"असू दे. चूक कबूल कर म्हणावं, मी स्वतः हिला बसमध्ये बसवून देतो."

"पण त्यांना उठवत नाही."

"उठायला कोण सांगतंय? तोंडाला काय झालंय त्याच्या?"

आणि वर काकूला, माझ्यादेखत, "माझ्या मर्जीविरुद्ध गेलीस तर परत यायचं नाही." काकूनं माझ्या ताटात आणखी वाढलं आणि आत गेली. आई गेल्यावर जिनं आपल्याला न्हाऊमाखू घातलं ती ही बाई. मी ताट तसंच बाजूला सारलं.

तुझा,
भिंगरी

*

१२ जुलै

भिंगरी,

वास, वास काय लावलंस? मी रोज हॉस्पिटलच्या चादरी धुते, वासाचं मला सांगू नकोस.

मामाचे पाय गुडघ्यापर्यंत सुजलेत. दुकान बंद आहे, मागच्या खोलीत पडून असतो. समोरचा इस्त्रीवाला दुपारी डबा ठेवून जातो, संध्याकाळी कामावरून सुटले की मी जाते. अंगाला पाणी लावू देत नाही. "तुला कशाला, माझी बहीण येईल ती बघेल," म्हणतो. दाराशी कुणाचंही पाऊल वाजलं की विचारतो, "आली का?" मी असते, इस्त्रीवाला असतो, कधी कधी नुसतं कुत्रं असतं.

मी म्हटलं, मामा, चुकलो म्हणून टाका ना एकदा, काय जातंय? तर म्हणाला, "चुकलेला नसताना? त्या काटेवाल्याला म्हणावं, आधी तू म्हण." काका ट्रकच्या वजनकाट्यावर होते म्हणून तो त्यांना काटेवाला म्हणतो, आणि असं म्हणतो की शिवी वाटावी.

मला दोघांचाही उबग आलाय. मरणाच्या दारात काय खेळ मांडलाय! पण तू तिथे रडत बसू नकोस. कुठल्यातरी कंप्युटरवर जा, त्या आकड्याला कशानं भाग जातो ते बघ आणि काकांच्या नाकासमोर धर. अट त्यांची आहे, तुझी नाही. ज्याची चूक निघेल तो गप बसेल आणि काकू सुटेल.

आणि जेवत जा. काकू वाढते म्हणजे तिचा जीव त्यात असतो.

ताई

*

१९ जुलै

ताई,

तुझं ऐकलं आणि पस्तावलो.

कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या माणसानं कानात काडी घालता घालता आकडा टाकून दिला. काडी मग टेबलावर पुसली. या गावात सगळेच असे का, की आता मलाच सगळीकडे तेच दिसतं? असो. आकड्यांची एक साइट आहे, कुठलाही आकडा टाका, त्याची कुंडली मांडून ठेवलेली. विषम आहे म्हणे. शेवटी एक आहे, ते मलाही दिसतंय. अंकांची बेरीज पन्नास. एकसष्ट हजार नऊशे अठ्ठेचाळीसच्या वर्गाहून जेमतेम सदुसष्टनं मोठा. दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिताच येत नाही. मी हे सगळं वाचत बसलो, झेरॉक्सवाला म्हणाला, "लॉटरीचा आहे का?" आणि मग खाली, एकूण विभाजक चार. एक, तो स्वतः, ८६२४३ आणि ४४४९७.

लहान कुठला? चव्वेचाळीस हजार चारशे सत्त्याण्णव. सातवर संपतो. काकांच्या वाटणीचा.

कागद नाकासमोर धरून उपयोग नव्हता, त्यांनी फाडला असता. पण हल्ली त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा मूळ आकड्यांच्या पुस्तिकेतून पुढचा आकडा वाचून द्यायचं काम माझ्याकडे आहे. दुपारी मी पुढचा आकडा सोडला आणि हाच वाचला.

"एवढ्यात चव्वेचाळीस हजारांवर आलो?"

"आलो, काका."

खूश झाले. भागायला लागले. अंक पुटपुटत खाली घ्यायची त्यांची एक लय आहे, जातं फिरवल्यासारखी. त्या लयीत शेवटपर्यंत गेले आणि म्हणाले, "बाकी तेरा हजार तीनशे त्रेचाळीस. पुढचा वाच."

मला गणित येत नाही हे तू सगळ्या नातेवाइकांना सांगितलंयस. पण मी पाटी आणि पितळेची पट्टी दोन्हीकडे बघत होतो.

"काका, एक सात राहिला."

"कुठला?"

"पट्टीवर शेजारी शेजारी दोन सात आहेत. तुम्ही एकच खाली घेतलात."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी त्यांच्या वजनकाट्यावर पाय ठेवलाय. पट्टीवर बोट टेकून पुन्हा भागलं, एकेक अंक मोठ्यानं म्हणत. शेवटी एक लाख तेहतीस हजार चारशे एक्क्याण्णवमधून तेवढेच गेले. खाली शून्य.

मला वाटलं, सुटलो. मी काकूला हाक मारणार, तेवढ्यात ते पाटीवर थुंकले. दोनदा. आणि घासून घासून पाटी कोरडी केली.

"शिंप्याला कळता कामा नये," म्हणाले.

"नाही कळणार. काकूला जाऊ द्या आता."

"आता तर मुळीच नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, दारातच बोलून बसेल."

"काका, तो माणूस मरायला टेकलाय!"

"अख्खी नोकरी काट्यावर काढली मी. एक किलो इकडचा तिकडे झाला नाही. आणि त्या कात्रीवाल्यानं मला हसायचं? तू बोललास तर तूही या घरातून चालता हो."

आधी निदान त्यांना खरंच वाटत होतं की मामा चुकला. आता माहीत असून बायकोला अडवून ठेवलंय. आणि संध्याकाळी मी समोर असताना पुन्हा पाटी घेऊन पुढचा आकडा भागायला बसले, देखाव्याला! मला 'वाच' म्हणाले. मी वाचला, ताई. माझीही किळस आली मला.

काकूला अजून काही बोललो नाही. तू सांग काय करू.

भिंगरी

*

२७ जुलै

भिंगरी,

तुझं पत्र खिशात घालून मामाकडे गेले. वाटलं, याला हळूच सांगावं, तुमचं बरोबर होतं, काकांचं चुकलं, आता मोठेपणा घ्या आणि एक निरोप पाठवा. मी 'चव्वेचाळीस हजार' एवढंच म्हणाले. पुढचं 'चारशे सत्त्याण्णव' त्यानंच पुरं केलं.

त्याला माहीत आहे. कधीचं माहीत आहे! भांडण झाल्यावर त्यानं आपली वाटणी पुन्हा तपासली, बरोबर निघाली, मग गुपचूप काकांची भागायला घेतली.

"तो सात खातो," म्हणाला. "पत्रात आकडा लिहायचा तेव्हासुद्धा एखाद वेळी एकच सात लिहायचा. मला वाटलंच होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"का सांगू? शोधू दे की."

"अहो मामा, त्यापायी तुमची बहीण तिथे अडकलीय!"

"मी कुठे अडकवलंय? त्यानं अडकवलंय." आणि मग हसला. भिंगरी, ते हसणं मी विसरणार नाही. "तो तिकडे रोज थुंकून थुंकून भागत बसलाय हे मनात आणलं की मला गोळीशिवाय झोप लागते."

माझ्या हातात त्याचं भांडं होतं, मी ते ओतायला निघाले होते. तसंच खाली ठेवलं आणि बाहेर येऊन इस्त्रीवाल्याच्या बाकावर बसले. घाणीचं मला काही वाटत नाही, तुला ठाऊक आहे. पण हे धुवायचं कसं?

थोड्या वेळानं आत गेले तर नेहमीसारखं विचारतोय, "आली का?"

काकूला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. तिचा भाऊ तिला भाऊच राहू दे. काका आंघोळीला गेले की पिशवी उचल आणि तिला बसमध्ये घाल. परत यायचं नाही म्हणाले तर माझं घर आहे.

ताई

*

५ ऑगस्ट

ताई,

आधीच सांगतो, मी घोळ घातलाय.

तुझं पत्र आलं तेव्हा काका पेन्शनच्या कामाला बाहेर गेले होते. काकू उसवलेला अभ्रा हातानं शिवत होती. म्हणाली, "मोठ्यानं वाच रे, तिचं अक्षर मला लागत नाही." मी पहिली ओळ वाचली, आणि तुला माहीत आहे, मी एकदा वाचत सुटलो की पुढे काय आहे ते बघत नाही. 'माहीत आहे' ला आल्यावर थांबलो. काकू म्हणाली, "पुढे." मी म्हटलं, पुढे काही नाही, खुशाली. तिनं पत्र हातातून घेतलं आणि तुझं न लागणारं अक्षर शेवटपर्यंत वाचलं.

रडली असती तर बरं झालं असतं. तिनं कॉटखालची पिशवी ओढली. त्यात तिचे कपडे होते आणि वर एक नवा सदरा होता. मामासाठी. मशीन अडलेलं, म्हणून सगळा हातानं शिवलेला, काजंसुद्धा. तिनं कात्री घेतली आणि त्याचे चौकोनी तुकडे केले.

काका आले तसा एक तुकडा त्यांच्यापुढे टाकला.

"हे काय?"

"पाटीला फडकं. थुंकू नका यापुढे, मला ओकारी येते."

"कुणाशी बोलतेस?"

"चव्वेचाळीस हजार चारशे सत्त्याण्णव. तुमच्या मेव्हण्याला कधीच सापडलाय. मजा बघत बसलाय तो तुमची. आणि माझी."

काका मशीनला धरून उभे राहिले. चेहरा चुन्यासारखा. आधी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग कधी नव्हे त्या आवाजात म्हणाले, "जा तू. जाऊन ये."

"नाही जात."

"अगं, मीच सांगतोय ना जा!"

"तुम्ही सांगितलं म्हणून इतके दिवस थांबले. आता माझं मी थांबते."

आणि आत जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच.

शिव्या घाल. मी आता तिला बसमध्ये घालू शकत नाही. उचलून नेली तरी येणार नाही.

भिंगरी

*

१० ऑगस्ट

भिंगरी,

शिव्या घालायलाही वेळ नाही. काकांचा फोन लागत नाही, म्हणून पत्रच टाकते.

मामाला मी सांगितलं की तिला कळलंय. रागाच्या भरात सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं ते अजून इकडे वळवलेलं नाही. काल डबा तसाच परत गेला. पाऊल वाजलं तर आता विचारतही नाही. आमच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, नेण्याआणण्यात काही अर्थ नाही, ज्याला भेटायचं त्यानं लवकर यावं.

काकूला सांग, तो वाईट वागला. मीही त्याला तेच म्हटलं. पण सांग तिला. पाया पड. नाहीतर आयुष्यभर तो सदरा कापत बसेल ती.

ताई

*

१६ ऑगस्ट

ताई,

परवा पत्र वाचून दाखवलं, काकांच्या देखत. या वेळी सगळं, मुद्दाम. पायाही पडलो. काकू म्हणाली, "ऊठ, फरशी ओली आहे."

दुसरं म्हणजे काका नाहीत. काल सकाळी मी उठलो तेव्हा कॉट रिकामी, चपला नाहीत, फोनही त्यांच्याबरोबर गेलेला. काही बोलून गेले नाहीत. मला वाटतं तुमच्याकडेच आले असणार, मामाशी भांडायला. लपवायचं काही उरलं नाही ना आता, मग तोंडावर जाऊन 'तू मला नाचवलंस' म्हणायला हे मोकळे. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी उभे राहून हात नाचवत असतील. तू तिथे असशील तर बाहेर काढ त्यांना. हे पत्र पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल हे मलाही कळतं.

काकूनं मशीन मोकळं केलं. पाटी बाहेर गॅलरीत ठेवली, फळी सोड्यानं तीनतीनदा पुसली, तरी नाक लावून बघत होती. तेल घातलं. आज सकाळपासून पडदे शिवतेय, न थांबता. मी विचारलं, "काकू, मनात काय आहे तुझ्या?"

"धागा ओवून दे," म्हणाली.

मग मशीन चालू ठेवूनच, "लहानपणी मला ताप आला की तो मला खांद्यावर घेऊन दवाखान्यात न्यायचा. स्वतः एवढासा होता. वाटेत चिमटे काढायचा. असाच होता रे तो. मीच विसरले होते."

"मग चल ना."

"कुठल्या तोंडानं?" म्हणाली. "आणि त्यानं तरी कुठल्या तोंडानं बघावं माझ्याकडे?"

मला वीट आलाय, ताई. मामाचा, काकांचा, तोंडं लपवणाऱ्या या सगळ्या घराचा. मी उद्या निघणार आहे. रंगाच्या कारखान्यात माणूस हवाय, तिथे निदान घाण कसली ते डब्यावर लिहिलेलं असतं. पुढचा पत्ता तिथून

थांब. खाली रिक्षा थांबलीय आणि कुणीतरी ओरडतंय. बघून येतो.

ताई, काका आहेत. पाठीवर कुणीतरी आहे. हॉस्पिटलच्या चादरीत गुंडाळलेलं, पाय भोपळ्यासारखे सुजलेले. शिंपीमामा! बसमधून कसे आणले देव जाणे. काकांची बंडी पाठीवर पार भिजलीय आणि वास इथे तिसऱ्या मजल्यापर्यंत येतोय. "मान सोड माझी, गळा दाबतोस!" असं काका म्हणतायत, आणि मामा, आवाज नाही राहिलेला, पण म्हणतायत, "मग नीट चाल."

काकूनं विचारलं, "कोण आलंय रे?"

मी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिच्या मांडीवरचा पडदा खाली पडला. आता ती अनवाणी जिन्याच्या तोंडाशी उभी आहे आणि वरूनच काकांवर ओरडतेय, "अहो, नीट धरा त्याला!"